सरकारने खाल्लेली वीस मिनिटं

२ फेब्रुवारी

रोजनिशी सुरू. संकल्प एक जानेवारीचा होता, पण जानेवारीत सगळी वेळापत्रकं बदलतात, डेपोत मान वर करायला सवड नसते. ही वही कुणासाठी नाही. खरं बोलायला एक जागा असावी म्हणून.

मी बस डेपोच्या वेळापत्रक विभागात आहे. कुठली बस कुठल्या वळणावर किती वाजता असते हे मला झोपेतून उठवून विचारा. वर्कशॉपचा भोंगा रोज सकाळी नऊच्या ठोक्याला होतो. आमच्या क्वार्टर्सच्या खिडक्या थरथरतात. मी त्यावर घड्याळ लावतो. अर्धं मिनिट मागेपुढे असलं तरी तिथल्या तिथे दुरुस्त. बायको हसते. हसू दे. शिस्त काही सगळ्यांच्या नशिबात नसते.

या शिस्तीमुळेच मला ते दिसलं, जे या शहरात पन्नास वर्षं कुणाला दिसलं नाही. सविस्तर उद्या. जेवायला बोलावणं आलंय, आणि ते तिसरं आहे.

३ फेब्रुवारी

सविस्तर. (संतापाच्या भरात लिहितोय. अक्षराकडे दुर्लक्ष.)

येत्या १७ मार्चला बंदरावरच्या हवाई हल्ल्याला पन्नास वर्षं होतील.

सरकार म्हणतं, शत्रूची विमानं अचानक आली. दिसताक्षणी, आठ चाळीसला, सायरन वाजवला. नऊला बॉम्ब पडले. वीस मिनिटं मिळूनही लोक हलले नाहीत, त्याला आम्ही काय करणार?

वाचलेले लोक म्हणतात, सायरन नऊलाच झाला. युद्ध लागल्यापासून चाचणी म्हणून रोज नऊला व्हायचा, तसाच. सगळं शहर त्यावर घड्याळ लावायचं. (माझ्यासारखी माणसं होती तेव्हा.) बॉम्ब पडले ते त्यानंतर वीस मिनिटांनी.

ढिगाऱ्यातून निघालेली घड्याळं म्हणतात, नऊ वीस. म्युझियमच्या कपाटात आहेत असं ऐकतो. माणूस खोटं बोलेल, सरकार तर बोलणारच. बंद पडलेलं घड्याळ कशाला खोटं बोलेल?

म्हणजे हल्ला झाला नऊ वीसला. आठ चाळीसचा सायरन झालाच नाही. सरकारला सगळं आधीपासून माहीत होतं आणि हूं की चूं न करता त्यांनी माणसं मरू दिली, कारण माणसं मेल्याशिवाय लोक युद्धाच्या नावाने पेटत नाहीत. मग कागदावर सगळं वीस मिनिटं मागे ओढलं आणि एक सायरन चिकटवून दिला. आहे काय आणि नाही काय!

आमच्या सासूबाई त्या हल्ल्यात गेल्या. बंदराला लागून दोरखंडाचा कारखाना होता, तिथे कामाला होत्या. बायको तेव्हा चार वर्षांची. आणि ही बाई संध्याकाळभर शांतपणे गिऱ्हाइकांच्या पडद्यांना चुण्या घालत बसते! घरात चीड येणारा मी एकटा, आणि मी तर जावई.

६ फेब्रुवारी

मुख्य साक्षीदार माझ्याच घरात आहे. सासरे. ते फायर स्टेशनला होते आणि गच्चीवर सायरन वाजवायचं काम त्यांचंच होतं. आता ब्याऐंशी पूर्ण. आमच्याकडे मागच्या खोलीत राहतात. पलंग, खुर्ची, खिडकीतून दिसणारे डेपोचे जुने टायर, आणि भिंतीवर त्यांचं किल्लीचं घड्याळ. ते घड्याळ चांगलं वीस मिनिटं पुढे पळतं. वेळापत्रकवाल्याच्या घरात! रोज सकाळी स्टुलावर हात टेकत उठून किल्ली देतात, पण काटा नीट लावत नाहीत. वयाने माणसाचं लक्ष राहत नाही.

आज सरळ विचारलं. त्या दिवशी सायरन कितीला वाजवलात? आठ चाळीसला की नऊला? ते उठले आणि बाथरूममध्ये गेले. अर्धा तास नळ चालू. सरकारी दबाव किती खोल मुरलाय बघा. पन्नास वर्षांनंतरही बाथरूममध्ये लपावं लागतं.

बायको म्हणाली, अहो, बाबांना ते विचारत जाऊ नका. मी म्हटलं बरं. तिला बरं वाटावं म्हणून.

११ फेब्रुवारी

रजा टाकून म्युझियमला. घड्याळांचं कपाट जिन्याखाली, अंधारात. उगाच नाही अंधारात. मनगटी, खिशातली, एक भिंतीवरचं. सगळी नऊ वीस, नऊ एकोणीस, नऊ एकवीस. पुरावा आणि त्याला खोटं पाडणारी सरकारी पाटी एकाच काचेत! काय हा निर्लज्जपणा!

एक घड्याळ मात्र बरोबर नऊवर थांबलेलं. कुठलं? फायर स्टेशनचं. सरकारी घड्याळ! त्याला व्यवस्थित समज दिलेली दिसते.

कपाटाशेजारी बारीक अक्षरात भलामोठा मजकूर होता. वाचला नाही. सरकारी मजकूर वाचायचा नाही असा माझा नियम आहे, त्याने विचार गढूळ होतात. तिथला शिपाई म्हणाला, साहेब, ते वाचलंत की सगळं कळेल. मी त्याला म्हटलं, तुला पगार कोण देतं? तो काच पुसायला लागला.

१५ फेब्रुवारी

सत्य मंचाची बैठक, दाताच्या डॉक्टरांकडे. मंचात आम्ही दोघंच, पण दर्जा महत्त्वाचा. डॉक्टर रिटायर झालेत, तरी बोलताना समोरच्याच्या दाढा बघतात. त्यांचा मुद्दा असा की हल्ल्याच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या वडिलांच्या दवाखान्यात तीन सरकारी अधिकारी दाढ भरून गेले. ज्याला आपण मरणार असं वाटतं तो दाढ भरत नाही. म्हणजे आपण वाचणार हे त्यांना ठाऊक होतं! याला म्हणतात अभ्यास.

ठरलं. पाच मार्चला नगरपालिकेने स्मारकासाठी नागरिकांची सभा बोलावलीय. तिथे मी बॉम्ब टाकणार. (शब्दाचा.)

आजपासून मोबाईल बंद. डॉक्टर म्हणतात सरकार ऐकतं. बायको म्हणाली, तुमचं घरात कुणी ऐकत नाही, सरकार कशाला ऐकेल? विनोद करायची ही वेळ आहे का?

१९ फेब्रुवारी

संकल्प: सासऱ्यांना काहीही विचारायचं नाही.

संध्याकाळ. विचारलं. पण गोड बोलून, त्यांच्या आवडीचा आलं घातलेला चहा स्वतः करून. म्हटलं, बाबा, तुम्हाला वर कुणी गप्प राहायचा हुकूम दिला होता का? नाव सांगू नका, नुसती मान हलवा. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, वाजवला होता. एवढंच. कितीला? हात असा दाबून धरला होता, बटणावर धरावा तसा, आणि सोडेनात.

बायको आतून आली. म्हणाली, पुन्हा बाबांना छळलंत तर मी त्यांना घेऊन दादाकडे निघून जाईन. हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. गेल्या वर्षी भिंतीवर बंदराचा नकाशा चिकटवला तेव्हाही ऐकलं होतं, तिच्या शिलाई मशिनवर कात्रणं पसरली तेव्हाही. तिचं ते तोंडपाठ झालंय. मी मान डोलावतो आणि पुढच्या कामाला लागतो.

सासरे पुन्हा तेच म्हणाले, वाजवला होता. म्हणजे नऊचा. म्हणजे माझंच बरोबर.

२४ फेब्रुवारी

डेपोत तमाशा. चौदा नंबरची बस आठवडाभर रोज वीस मिनिटं आधी सुटतेय. लोक थांब्यावर येतात तेव्हा बस गेलेली. आज एक बाई माझ्या टेबलावर छत्री आपटून गेल्या. डेपो मॅनेजरने वेळापत्रक काढलं, खाली सही माझी. चौदा नंबर बंदराकडे जाते, आणि ते करताना माझ्या डोक्यात ती वीस मिनिटं होती, एवढंच झालं. माणूस राष्ट्राचा विचार करत असताना असं होतं. मॅनेजर म्हणाला, राष्ट्राचा विचार सुट्टीच्या दिवशी करा. मेमो दिला.

मॅनेजर नगरपालिकेच्या इंजिनियरचा साडू आहे. नुसतं लिहून ठेवतो.

२७ फेब्रुवारी

मेव्हणा येऊन गेला. बायकोचा मोठा भाऊ, टेकडीवर सासऱ्यांच्या जुन्या घरात राहतो. कमी बोलतो, आणि माझ्याशी तर मुळीच नाही. १७ मार्चला नगरपालिका सासऱ्यांचा काही सत्कारबित्कार करणार आहे म्हणे. गप्प राहिल्याचं बक्षीस! त्याचं कार्ड ठेवून गेला. वर सरकारी शिक्का. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली घडी करून घातलं. टेबल हलायचं थांबलं. सरकारचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

बायको म्हणाली, एकदा वाचा तरी. मी म्हटलं, मला माहीत आहे काय आहे ते. नऊ वाजता बंदरावर भाषणं. ती म्हणाली, ते आहेच, पण आणखीही आहे. मी हात वर केला. तिने पुढे सांगितलं नाही. अलीकडे ती वाक्य अर्ध्यावर सोडते, चांगली सवय आहे.

२ मार्च

वर्कशॉपचा भोंगा बंद पडला! काल झाला नाही, आज झाला नाही. घड्याळ कशावर लावायचं? विचारलं तर फोरमन म्हणतो, मोटर जळलीय, बघू. बघू! तक्रार-अर्ज दिला. तीन दिवसांत दुरुस्त नाही झाला तर रोज एक अर्ज देणार. या देशात वेळेची किंमत असलेला मी एकटाच उरलोय.

५ मार्च

आज इतिहास घडला. शाळेच्या हॉलमध्ये सभा, तीसेक माणसं, समोर नगरपालिकेचे लोक. सासरे पहिल्या रांगेत, शेजारी बायको. डॉक्टर येणार होते, पण त्यांना ऐनवेळी सर्दी झाली.

मी उभा राहिलो. वीस मिनिटांचं सगळं गणित मांडलं. लोक चुळबुळ करू लागले. कुणीतरी म्हणालं, अहो, ते म्युझियमच्या पाटीवर आहे सगळं. मला संताप आवरेना. मी म्हणालो, पाटी कुणी लिहिली? आणि मग ठेवणीतला पुरावा काढला. म्हणालो, त्या दिवशी सायरन न वाजवण्याचा हुकूम ज्याला मिळाला तो माणूस इथे पहिल्या रांगेत बसलाय, त्यालाच विचारा, माझ्या सासूच्या मरणाचा जाब विचारा!

सासरे उठले. मला वाटलं बोलणार. पण ते परत बसले, परत उठले, जणू कसं उठायचं तेच आठवेना. बायकोने त्यांचा हात धरून बाहेर नेलं. कुणी टाळी वाजवली नाही. एवढ्या मोठ्या सत्याचा धक्का पचायला वेळ लागतो.

६ मार्च

बायको बोलत नाही. बोलणं नाही, म्हणजे कटकटही नाही. मशीनसुद्धा बंद.

मी मोठ्या मनाचा माणूस आहे. ठरवलं, आपणच पुढाकार घ्यावा, म्हाताऱ्याला काही चांगलं करून दाखवावं. दुपारी ते अंगणात बसले असताना त्यांच्या खोलीत गेलो, स्टुलावर चढलो आणि त्यांचं घड्याळ नीट लावलं. भोंगा नसल्यामुळे माझं मनगटी घड्याळ प्रमाण मानून, वीस मिनिटं मागे घेतलं. काचही पुसली. खोली एकदम शहाणी दिसू लागली.

ते आत आले. वर पाहिलं. तोंडातून असा काही आवाज निघाला की बायको दातांत टाचण्या धरूनच धावत आली. ते खाली बसले होते, भिंतीला टेकून, आणि एकच म्हणत होते, तिने लावलेलं होतं, तिने लावलेलं होतं.

आता घड्याळ बरोबर लावणं हाही गुन्हा झाला. लावून दिलं तर शिव्या, न लावलं तरी घरात चुकीची वेळ. माणसाने करायचं काय?

७ मार्च

मेव्हणा टेम्पो घेऊन आला. एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. ओरडला नाही, ते जास्त लागलं. जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, पुढे खोडून काढायला बरं.

म्हणाला, सरकारला आधी कळलं होतं का, मला माहीत नाही. असेलही. त्यांचं ते जाणोत. पण सायरन झाला होता, आठ चाळीसलाच. खराखुरा. बाबांनी बटणावरून हात काढला नव्हता. आई रोज सायरन झाला की कामाला निघायची. त्या दिवशी सायरन ऐकून तिने भिंतीकडे पाहिलं, तर नऊला वीस कमी. घड्याळ मागे पडलं मेलं, म्हणाली. स्टुलावर चढली, काटा नऊवर नेला, आणि उशीर झाला, उशीर झाला करत एका पायात चप्पल सरकवत पळाली. मी नऊ वर्षांचा होतो, दारात उभा होतो. अख्ख्या गावाने तेच केलं. सायरन नऊला होतो म्हणजे नऊ वाजले, असं धरून सगळ्यांनी घड्याळं पुढे केली. बाबांना गच्चीवरून रस्ता दिसत होता. कुणी आडोशाला पळत नव्हतं, सगळे मनगटाकडे बघत होते. बाबा वरून ओरडत होते, घरी जा, घरी जा. सायरनच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? त्यांनी आईला बंदराकडे पळत जाताना पाहिलं. घर टेकडीवर होतं, घराची काचसुद्धा फुटली नाही. सायरन झालाच नसता तर ती नऊपर्यंत घरात असती.

म्हणाला, तिने पुढे केलेलं ते घड्याळ बाबा पन्नास वर्षं तसंच ठेवतायत. मागे पडलं तर रोज सकाळी परत पुढे करतात. आणि तुम्ही काल ते नीट केलंत.

बायकोने दोन बॅगा भरल्या होत्या. कधी भरल्या कोण जाणे. मशीन, पलंग, खुर्ची, घड्याळ, सगळं टेम्पोत. मी म्हटलं, हे असं अचानक? तिने शेवटची बॅग आत ठेवली. मग म्हणाली, अचानक? आणि टेम्पोत बसली.

८ मार्च

पूर्ण विचार केला. पटत नाही.

गोष्ट रडवणारी आहे, कबूल. पण तर्काला धरून नाही. हजारो माणसं! युद्ध चालू! कानाशी सायरन बोंबलतोय, आणि ही सगळी माणसं काय करतात? घड्याळ लावतात! एक गाढव समजू शकतो, दहा गाढवं समजू शकतो. अख्खं शहर एकाच मिनिटाला गाढव कसं होईल? शाळकरी मुलानेसुद्धा आधी दोन घड्याळं ताडून पाहिली असती. मी तर पाहिलीच असती. मेव्हणा नऊ वर्षांचा होता, मुलं काहीही आठवतात. त्याला हे कुणी शिकवलं, हा खरा प्रश्न आहे.

बायको दोन दिवसांत येईल. माझा चष्मा कुठे असतो हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही, याची तिला जाणीव आहे.

११ मार्च

चष्मा फ्रिजवर होता.

भोंग्यासाठी सहावा अर्ज. घड्याळाचा आता भरवसा उरला नाही, दहा-अकरा दिवस झाले त्याला बरोबर लावून. मोबाईल बंदच ठेवलाय, त्यामुळे बिचारी बायको फोन करून करून दमली असणार. चालू केला तर माघार घेतल्यासारखं होईल. तत्त्व म्हणजे तत्त्व.

मागच्या खोलीत भिंतीवर घड्याळाच्या जागी फिकट गोल राहिलाय. तिथे बंदराचा नकाशा लावावा म्हणून खिळा ठोकायला गेलो. नंतर लावीन.

१४ मार्च

डॉक्टरने दगा दिला! त्यांच्याकडे गेलो तर म्हणतात, आता माझा अभ्यास पुढे गेलाय, मुळात विमानं आलीच नव्हती, बंदरात सरकारचाच दारूगोळा फुटला. मी म्हटलं, डॉक्टर, हे शुद्ध थोतांड आहे, हजारो लोकांनी डोळ्यांनी विमानं पाहिली! ते म्हणाले, हजारो लोकांचं सोडा, माणसं सांगतील ते धरून चालतात. असा माणूस इतकी वर्षं लोकांच्या तोंडात हात घालत होता.

सत्य मंचात आता मी एकटा. बहुमत मात्र पक्कं.

१६ मार्च

उद्याची तयारी. नऊला बंदरावर कार्यक्रम सुरू. पायी पंधरा मिनिटं. पावणेनऊला निघायचं, पुढच्या रांगेत जागा पकडायची. ते नऊला मौन पाळतील, तेव्हा मी गप्प. नऊ वीसला मी एकटा उठून उभा राहीन, खऱ्या वेळेला! बायको तिथे असणारच, बापाच्या सत्काराला. ती बघेल, सगळं शहर बघेल. मग तीच म्हणेल, चला घरी. भाषण तीनदा आरशासमोर म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज चांगला लागला.

संकल्प: उद्या चिडायचं नाही.

१७ मार्च, सकाळी ९.००

भोंगा झाला! दाढी करत होतो, अर्धा गाल झाला होता, आणि खिडक्या थरथरल्या. माझ्या अर्जांपुढे झुकले शेवटी! चिकाटी लागते. आवाजही पूर्वीपेक्षा मोठा, थांबायचं नाव नाही. नवीन मोटर बसवलेली दिसते.

मनगटावर पाहिलं तर आठ चाळीस. वाटलंच होतं, सेल गेला. पंधरवडाभर कशावर लावायला मिळालं नाही की असं होतं. काटे नऊवर नेले. स्वयंपाकघरातलं घड्याळही आठ चाळीसच दाखवत होतं. तेही मागे! बायको गेल्यापासून या घरात एक वस्तू धड चालत नाही. तेही पुढे केलं.

म्हणजे कार्यक्रम सुरू झाला! उशीर झाला! पळतो.

१७ मार्च, दुपारी

लिहायचं नव्हतं. पण ही वही खरं बोलायला आहे, असं मीच पहिल्या पानावर लिहिलंय.

तसाच पळालो. एका गालाला फेस, एका बुटाची नाडी सुटलेली. भोंगा वाजतच होता. रस्त्यावर सगळे उभे. चहाच्या टपरीवाला हातात गाळणी घेऊन उभा, बसवाला बस बंद करून खाली उतरून उभा, शाळेची मुलं भिंतीला लागून उभी. कुणी हलेना, कुणी वाट सोडेना. मला इतका राग आला! माझी इथे वेळ चाललीय आणि हे खांबासारखे! मी ओरडत होतो, सरका, उशीर झाला, उशीर झाला! सारखं मनगटाकडे बघत होतो. नऊ पाच. नऊ सात. लोक माझ्याकडे बघत होते, आणि हसत नव्हते.

मग भोंगा थांबला. सगळ्या शहरात माझ्या बुटांचा तेवढा आवाज.

फायर स्टेशनच्या फाटकापुढून बंदराचा रस्ता जातो. आत मंडप होता. मंडपात खुर्चीवर सासरे, हाताशी एक बटण, एका बाजूला मेव्हणा, एका बाजूला बायको. मी मनगट डोळ्यांपुढे धरून तिथून पळत चाललो होतो. त्यांनी मला पाहिलं. खुर्चीतून उठले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पाच तारखेच्या सभेत ज्याला उठायचं आठवत नव्हतं तो, फाटकापर्यंत आला आणि ओरडला.

घरी जा! अरे, घरी जा! घरी जा रे!

मला आजवर जावईबापू म्हणायचे. आज मी कोण होतो त्यांच्यासाठी, माहीत नाही. डोळे माझ्यावर होते, पण बघत माझ्यामागच्या रस्त्याकडे होते. आज सगळीकडे शांत होतं, त्यामुळे आवाज स्पष्ट ऐकू आला. मी थांबलो. पाय आपोआपच थांबले.

मेव्हण्याने त्यांना धरून परत नेलं. बायको बाहेर आली. मला वाटलं फेस पुसेल. तिने माझं मनगट हातात घेऊन घड्याळ बघितलं. मग फायर स्टेशनच्या भिंतीवरच्या नव्या घड्याळाकडे बघितलं. तिथे नऊला दहा कमी होते. माझ्यात नऊ दहा. ती हळूच म्हणाली, तुम्हीपण?

चिडून म्हणाली असती तर मला उत्तर सुचलं असतं. मी म्हटलं, मला वाटलं भोंगा झाला. ती म्हणाली, हो. सगळ्यांना तेच वाटलं होतं. माझं मनगट सोडलं आणि बाबांपाशी जाऊन उभी राहिली. दहा मिनिटं उरली होती, मीही तिथेच फाटकाबाहेर उभा राहिलो. नऊला सगळे हलले. भाषण माझ्या खिशात होतं.

घरी येऊन टेबलाखालचं कार्ड काढलं. आठ चाळीसला जुना सायरन, त्याच माणसाच्या हातून. आठ चाळीस ते नऊ, जिथे असाल तिथे उभं राहून त्या वीस मिनिटांची आठवण. सगळं लिहिलंय, मोठ्या अक्षरात. टेबल पुन्हा हलायला लागलंय.

मोबाईल चालू केला. बंद असताना आलेल्या फोनांचे मेसेज आले, त्यांत बायकोचा एकही नाही. मीच लावला. मेव्हण्याने उचलला. विचारलं, बाबांचं घड्याळ आता किती वाजले दाखवतंय? तो म्हणाला, त्यांनी काटे पुढे न्यायचा प्रयत्न केला, पण तिने लावलेलं ते गेलं म्हणतात, आता किल्लीसुद्धा देत नाहीत. बंद आहे.

बायकोला बोलायचंय का विचार, म्हटलं. तो विचारून आला. नाही म्हणाली.

स्वयंपाकघरातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे चाललंय. सकाळपासून चारदा स्टुलावर चढलो आणि काट्याला हात न लावता खाली उतरलो.